वि. वि. करमरकर आणि नोंद नसलेली मैदाने

६ मार्च २०२३ रोजी मुंबईत वि. वि. करमरकर यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय ८४ वर्षांचे होते. विष्णू विश्वनाथ करमरकर हे पूर्ण नाव फार थोड्यांना ठाऊक असेल. वाचकांच्या दृष्टीने ते 'वि. वि. क.'च होते. 'महाराष्ट्र टाइम्स'चे क्रीडा संपादक म्हणून त्यांनी दीर्घकाळ काम केले आणि मराठी क्रीडा पत्रकारितेचा पाया घालणारा माणूस म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखत होता. ते गेले तेव्हा वर्तमानपत्रांतून आदरांजलीचे लेख आले, मैदानावरच्या जुन्या आठवणी निघाल्या आणि नेहमीप्रमाणे काही दिवसांत सारे शांत झाले. आमच्या चळवळीच्या पत्रांनी मात्र त्यांच्याविषयी फारसे लिहिले नाही. ते राहून गेलेले काम आज करावे, असे आम्हाला वाटते. त्याला कारणही तसेच घडले आहे.

चळवळीतला एखादा मित्र लगेच विचारील, 'वकीलसाहेब, क्रीडा पानावर लिहिणाऱ्या या करमरकरांचा आणि आपला संबंध काय?' प्रश्न चुकीचा नाही. पण आडनाव पाहून माणसाचे मोजमाप करायला आम्हाला बाबासाहेबांनी शिकवलेले नाही. महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले, त्या ठरावामागे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे उभे होते आणि पुढे त्यांनी 'जनता'चे संपादनही केले. माणूस कामाने तोलायचा, हा आमचा वारसा आहे. करमरकरांचे काम त्याच तराजूत टाकून पाहू. जड भरेल ते घेऊ, कमी पडेल तेही सांगू.

करमरकरांचे मोठे काम कोणते? १९६२ साली 'महाराष्ट्र टाइम्स' सुरू झाला. त्या काळात मराठी दैनिकांत खेळाची बातमी म्हणजे राहिलेल्या जागेत बसवायचा मजकूर. जाहिरात आली की पहिली कात्री तिलाच. करमरकरांनी खेळाला दैनिकात स्वतःचे पान मिळवून दिले. नुसते पान मिळवून ते थांबले नाहीत. त्या पानावर क्रिकेटच्या शेजारी कबड्डी, खो-खो, कुस्ती यांना मानाने बसवले. धोतर-लंगोट नेसून, मातीत अनवाणी खेळले जाणारे खेळही पांढऱ्या कपड्यांतल्या खेळाइतकेच बातमीचे धनी आहेत, हे त्यांनी रोजच्या छपाईने दाखवून दिले. क्रीडा संघटनांच्या कारभारावरही ते स्पष्ट लिहीत. खुर्च्या अडवून बसलेले पदाधिकारी, निवड समित्यांचे गौडबंगाल, खेळाडूला मागच्या बाकावर बसवून पुढाऱ्याला हार घालण्याची रीत, हा सगळा क्रीडा पानाचाच विषय आहे, असे मानणारी पिढी त्यांच्यामुळे तयार झाली.

आम्ही कुपवाडचे. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून १९९८ साली महापालिका झाली. त्या तिघांत धाकटे आणि कायम शेवटी उच्चारले जाणारे नाव आमचे. एमआयडीसीत पाळीवर जाणारी माणसे, त्यांची पोरे, संध्याकाळी फक्कीने आखलेले कबड्डीचे मैदान, दोन खांबांना बांधलेले बल्ब आणि १४ एप्रिलच्या आसपास वस्तीत भरणारे सामने, हे आमचे बालपण. मुंबईचे वर्तमानपत्र आमच्या वाचनालयात उशिरा येई आणि महिन्याच्या रद्दीत जाण्यापूर्वी त्याची क्रीडा पाने आम्ही मागून घेत असू. त्या पानावर कबड्डीच्या निकालाखाली खेळाडूंची नावे असत. चढाई कोणाची गाजली, पकड कोणाची चांगली झाली हे लिहिलेले असे. आमच्यातल्या एका मोठ्या भावाने वहीत कात्रणे चिकटवायला सुरुवात केली. आपल्या वस्तीचे नाव कधी तरी तिथे येईल, ही त्यामागची आशा. आले नाही. पण ती कात्रणे पाहताना आम्हाला एक गोष्ट कळली, की मैदानावर खेळणारा माणूस कागदावर येऊ शकतो.

कागदावर येणे म्हणजे काय, हे पुढे वकिलीत आल्यावर खरे समजले.

मध्यंतरी आमच्याकडे एक मुलगी आली. आई घरकाम करणारी, बाप हमाली करून थकलेला. मुलगी खो-खो खेळलेली. राज्य शासनाच्या ३० एप्रिल २००५ च्या निर्णयाने खेळाडूंना शासकीय नोकरीत ५ टक्के समांतर आरक्षण मिळते. त्यानंतर नियम बदलत गेले, पण तत्त्व कायम राहिले. या मुलीने परीक्षा दिली, गुण मिळवले, यादीत नाव लागले आणि प्रमाणपत्राच्या पडताळणीत घोडे अडले. ज्या स्पर्धेचे प्रमाणपत्र होते तिची नोंदवही सापडेना. आयोजकांत मधल्या काळात दोन तट पडलेले. एक म्हणे दप्तर दुसऱ्याकडे, दुसरा म्हणे आमच्याकडे कधी आलेच नाही. कार्यालयाने शेरा मारला : खेळल्याचा पुरावा नाही. तीन वर्षे मैदानावर गुडघे फोडून घेतलेली पोर आमच्यासमोर बसून विचारत होती, 'दादा, मग मी खेळले नव्हते का?'

तिच्या पिशवीत एक पिवळे पडलेले कात्रण होते. स्थानिक दैनिकातली सात-आठ ओळींची बातमी. पण ती लिहिणाऱ्या वार्ताहराने विजयी संघातल्या मुलींची पूर्ण नावे, ठिकाण, तारीख आणि पंचांची नावे लिहिली होती. आता कायद्याने पाहिले तर कात्रण हा स्वतःहून पुरावा ठरत नाही. वर्तमानपत्र हे खरोखर वर्तमानपत्रच आहे असे न्यायालयाने गृहीत धरावे, अशी तरतूद १८७२ च्या पुरावा कायद्यात होती आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. पण आतला मजकूर खरा की खोटा, हे स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली लक्ष्मी राज शेट्टी खटल्यात तेच सांगितले आहे. म्हणजे नुसते कात्रण दाखवून मुलीला नोकरी मिळणार नव्हती. मग त्याचा उपयोग काय झाला? कात्रणाने आम्हाला वाट दाखवली. त्यातल्या पंचाच्या नावावरून आम्ही त्यांच्या घरापर्यंत गेलो. त्या गृहस्थांनी ट्रंकेतून सामन्याचे गुणपत्रक काढून दिले, प्रतिज्ञापत्र केले आणि पडताळणी पुन्हा करण्याचा आदेश निघाला. त्या अनाम वार्ताहराने 'अमुक संघ विजयी' एवढेच लिहून बातमी संपवली असती, तर हे दार उघडलेच नसते.

त्या दिवशी आम्हाला वि. वि. करमरकर फार आठवले. निकालाखाली खेळाडूचे नाव छापण्याची शिस्त मराठी क्रीडा पानाला लागली, ती त्यांच्यासारख्यांमुळे. ती शिस्त जिल्ह्याच्या दैनिकापर्यंत झिरपली आणि एका हमालाच्या मुलीच्या पिशवीत जाऊन पडली.

दुसरी बाजूही पाहा. खरी खेळाडू पुरावा नाही म्हणून दारात उभी असते आणि त्याच वेळी खोटे खेळाडू पुरावा विकत घेऊन आत जातात. ट्रॅम्पोलीन या खेळाच्या बनावट प्रमाणपत्रांचे प्रकरण महाराष्ट्राने पाहिले आहे. जन्मात ट्रॅम्पोलीनवर पाय न ठेवलेल्यांनी त्या खेळाच्या जोरावर सरकारी नोकऱ्या मिळवल्याचे आरोप झाले, गुन्हे दाखल झाले, अटका झाल्या. हे शक्य का झाले? कारण ज्या स्पर्धांची कोणी बातमी करत नाही, त्या झाल्या की नाही हे कोण सांगणार? वार्ताहर जिथे जात नाही, तिथे न झालेली स्पर्धा कागदावर होते आणि झालेली स्पर्धा कागदावरून पुसली जाते. दोन्ही वेळी मार खातो तो गरिबाचा लेक.

नोंदीचा हा प्रश्न आजचा नाही. पळवंकर बाळू यांचेच पाहा. चर्मकार समाजात जन्मलेला हा डावखुरा गोलंदाज पुण्याच्या मैदानावर इंग्रजांना चेंडू टाकून घडला. हिंदूंच्या संघात त्याची गोलंदाजी हवी होती. पण चहाच्या वेळी तो पॅव्हेलियनबाहेर आणि चहा वेगळ्या मातीच्या कपात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला हक्काने मिळाले नाही. ते १९२३ साली त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला मिळाले, तेही भावंडांच्या दीर्घ झगड्यानंतर. त्या काळात बाबासाहेबांना बाळूविषयी अभिमान होता. पुढे पुणे कराराच्या वेळी दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या आणि १९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहून पराभूत झाले. हा इतिहास कडू असला तरी तो खरा आहे, आणि तो आज आपल्याला माहीत आहे याचे कारण काय? धावफलक छापले गेले होते. विठ्ठल यांनी १९४८ साली 'माझे क्रीडाजीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहून ठेवले होते. त्या कागदांवरूनच रामचंद्र गुहा यांनी २००२ साली बाळूला पुन्हा जगासमोर उभे केले. मधली कित्येक दशके हा माणूस क्रिकेटच्या गप्पांतून जवळजवळ गायब होता. कागद नसता, तर तो कायमचाच गेला असता.

आमच्या सांगलीचेच उदाहरण घ्या. विजय हजारे १९१५ साली सांगलीत जन्मले. धर्माने ख्रिस्ती. मुंबईची पंचरंगी स्पर्धा धर्माच्या संघांत खेळली जाई : युरोपियन, हिंदू, पारशी, मुसलमान. यांत जे बसत नाहीत ते 'रेस्ट', म्हणजे उरलेले! हजारे त्या उरलेल्यांत. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदूंविरुद्ध 'रेस्ट'च्या दुसऱ्या डावात ३८७ धावा झाल्या, त्यांतल्या ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या. सामना 'रेस्ट' हरले, पण आज तो सामना आठवतो तो त्या ३०९ साठी. उरलेल्यांच्या यादीतला माणूस नोंदीच्या बळावर पहिल्या ओळीत येऊन बसला.

आणि ज्यांची नोंद असूनही कोणी ती उघडून पाहिली नाही, त्यांचे काय? शेजारच्या सातारा जिल्ह्यातले गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवून दिले. त्या प्रवासासाठी गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकले. १९८४ साली खाशाबा अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. सांगली जिल्ह्यातील पेठचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या झेलून अपंग झाले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात विश्वविक्रमासह सुवर्णपदक जिंकले. भारताचे ते पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण. देशाने पद्मश्री दिली २०१८ साली आणि अर्जुन पुरस्कार थेट २०२५ च्या जानेवारीत, तोही त्यांच्यावर चित्रपट निघाल्यानंतर. सुवर्णपदकापासून अर्जुनपर्यंत ५२ वर्षे! पदक जिंकले त्या दिवसापासून एखाद्या करमरकराने दर वर्षी सरकारला त्याची आठवण करून दिली असती, तर एवढा उशीर झाला असता का?

यावर कोणी म्हणेल, आता काळ बदलला. कबड्डीची लीग टीव्हीवर आली, २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला; प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे या महाराष्ट्राच्या कर्णधारांच्या नेतृत्वाखाली भारताचे दोन्ही संघ जिंकले. आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीने २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्य आणले. सांगलीत वाढलेली स्मृती मानधना २ नोव्हेंबर २०२५ ला विश्वविजेत्या भारतीय संघाची उपकर्णधार होती. सारे खरे आणि अभिमानाचे. पण बारकाईने पाहा : पदक मिळाल्यावर फोटो येतो. पदकापर्यंतची दहा वर्षे, तालुक्याचे सामने, शाळेचे मैदान, निवड चाचणीत डावललेली पोरे, यांची बातमी कोण करतो? टीव्हीला सामना हवा, खेळाडूचे गाव नको. क्रीडा पानावरून तालुका गेला, आणि तालुका गेला तिथे आमचा माणूसही गेला. कारण आमचा माणूस अजून तालुक्याच्याच मैदानावर आहे.

आता करमरकरांच्या तराजूचे दुसरे पारडे. मराठी क्रीडा पानाने खेळातल्या राजकारणावर लिहिले, गटबाजीवर लिहिले, पैशावर लिहिले. जातीवर मात्र त्या मानाने फारच कमी लिहिले. संघाची निवड करणारे कोण, जिमखान्यांचे सभासद कोण, व्यायामशाळेच्या दारातून कोणाची पोरे आत जातात आणि कोणाची कुंपणावरून पाहतात, हे प्रश्न विचारायचे राहिले. हा दोष एकट्या करमरकरांचा नव्हे. तो त्या साऱ्या पानाचा, त्या साऱ्या वृत्तपत्रसृष्टीचा आहे. ज्या समाजाचे संपादक कार्यालयात नाहीत, त्या समाजाचा प्रश्न बातमीत येत नाही. १९२० साली 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नव्हती, हे आपण विसरलेलो नाही. म्हणूनच बाबासाहेबांनी स्वतःची पत्रे काढली.

पण मग आमच्या पत्रांनी काय केले? इथे बोट स्वतःकडे वळवावे लागते. आम्ही मोर्चे छापले, परिषदा छापल्या, नेत्यांचे वाढदिवस तर पानपानभर छापले. जयंतीच्या मिरवणुकीचे फोटो आले. त्याच जयंतीनिमित्त रात्रभर चाललेल्या कबड्डीच्या सामन्यांची बातमी कशी आली? 'सामने मोठ्या उत्साहात संपन्न झाले. मान्यवरांच्या हस्ते बक्षिसे देण्यात आली.' आणि खाली मान्यवरांची बारा नावे! खेळाडूचे नाव एकही नाही. ज्याने चढाई करून सामना फिरवला तो अनामिक आणि ज्याने ढाल हातात दिली तो ठळक अक्षरांत. प्रस्थापितांच्या क्रीडा पानावर टीका करण्याचा आम्हाला हक्क आहे. पण त्या पानाने निदान खेळाडूचे नाव छापले होते. आम्ही तेही केले नाही. ही कबुली दिल्याशिवाय करमरकरांना आदरांजली वाहण्याचा आम्हाला अधिकार नाही.

म्हणून चळवळीतल्या कार्यकर्त्यांना आणि जयंती मंडळांना आमचे सांगणे फार सोपे आहे. त्याला निधी लागत नाही. स्पर्धा कोणतीही असो, प्रत्येक सामन्याचे गुणपत्रक लिहा. त्यावर तारीख, ठिकाण, दोन्ही संघांतल्या सर्व खेळाडूंची पूर्ण नावे आणि पंच व गुणलेखक यांच्या सह्या घ्या. त्याच्या दोन प्रती करा. एक मंडळात, एक विहाराच्या किंवा वाचनालयाच्या कपाटात. मंडळ फुटले तरी कपाट फुटत नाही. बातमी पाठवताना पहिले नाव खेळाडूचे लिहा, पाहुण्याचे शेवटी. जागा कमी पडली तर पाहुणा कापा. मुलींचे सामने भरवा आणि त्यांची नावे लिहिताना काटकसर करू नका. स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची असेल, तर प्रमाणपत्र त्याच दिवशी घ्या आणि मूळ प्रत जपा. नोकरीच्या पडताळणीत वस्तीच्या सामन्याचे कागद चालणार नाहीत, पण पोर खेळत होती हे सांगणारा पहिला कागद तिथूनच सुरू होतो. आणि आमच्या संपादकांना विनंती एवढीच, की आठवड्यातून अर्धे पान तरी मैदानाला द्या.

चळवळ म्हणजे केवळ विचारांची लढाई नव्हे. ती नोंदीचीही लढाई आहे. जमिनीच्या सात-बारावर नाव नाही म्हणून आमच्या बापजाद्यांनी काय सोसले ते आम्हाला सांगायला नको. मैदानाचाही एक सात-बारा असतो आणि तो वर्तमानपत्राच्या क्रीडा पानावर लिहिला जातो. वि. वि. करमरकरांनी आयुष्यभर तो लिहिला. त्यात आमची नावे भरायची राहिली असतील, तर ती भरण्याचे काम आता आमचे.

ती मुलगी आता संध्याकाळी वस्तीतल्या लहान पोरींना खो-खो शिकवते. परवा तिच्याकडे गेलो तेव्हा सामना संपला होता, पोरी पाणी पीत होत्या आणि ती खांबाला टेकून वहीत काही लिहीत होती. विचारले, काय चालले आहे? म्हणाली, 'दादा, नावं लिहितेय. सगळ्यांची.'

करमरकरांना याहून चांगली आदरांजली आम्हाला तरी सुचत नाही.